मास्कखालची दाढी

माझा आवाज मोठा आणि डोकं तापट, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे मागून कुणी म्हणायला नको की बाईनं घरातलं भांडण चव्हाट्यावर मांडलं. मांडलंच आहे. नवऱ्याचा श्वास चालावा म्हणून मी नवऱ्याशी भांडले, नणंदेशी भांडले आणि एकदा तर देवीशीही भांडले. त्याची मला अजिबात लाज वाटत नाही.

आमचं घर तुळजापूरचं, पिढीजात पुजाऱ्यांचं. बाहेरगावचे भाविक येतात, आमच्याकडं उतरतात, आणि आमचे हे त्यांना देवळात नेऊन अभिषेक, पूजा, ओटी सगळं यथासांग करून देतात. माझं माहेर जळकोट. बाप, म्हणजे आप्पा, शेतकरी. मी जळकोटच्याच शाळेत मास्तरीण, त्यामुळं रोज वडापच्या जीपनं नळदुर्गवरून जायचं आणि संध्याकाळच्या आत परत यायचं. गावानं मला 'बाई' म्हणायला सुरुवात केली ती यांनीही उचलली. "बाई, तुम्ही चुलीपाशी बोलता आन् कळस हालतो," असं म्हणून हसायचे. घरात तिसरं माणूस म्हणजे यांची थोरली बहीण, आक्का. फार लवकर विधवा झालेली. आई गेल्यावर तिनंच या भावाला वाढवलं होतं.

आमच्या देवळात जाताना पायऱ्या उतरायच्या असतात. उतरताना काही कळत नाही, सगळा हिशेब वर येताना होतो. यांना वर येताना धाप लागायला लागली. पण कबूल करतील तर पुजारी कसले! प्रत्येक दुकानापाशी थांबायचे, "काय म्हणताव, बरं हाय न्हवं?" म्हणून चौकशी करायचे, तोवर श्वास जमवायचे आणि पुढं निघायचे. लोक म्हणायचे, पुजारीबुवा लई मायाळू झालेत अलीकडं. मला मात्र त्यांचे ओठ दिसत होते. जांभळे पडलेले. पायाला इतकी सूज की वहाणेचा अंगठा आत शिरत नव्हता. सकाळी उठले की डोकं धरून बसायचे आणि म्हणायचे, पित्त झालंय.

पित्ताचा काढा पाजून पाजून आक्का दमली, तेव्हा कुठं मी त्यांना सोलापूरला छातीच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. वयानं लेक शोभावी एवढ्या, पण बोलणं स्वच्छ.

"काका, तरुणपणी टीबी झाला होता ना तुम्हाला?"

"झाला होता. बराबी झाला."

"टीबी बरा झाला, पण एक फुप्फुस आकसून बसलंय. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांमधला दाब वाढलाय. त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून ढकलून हृदयाची उजवी बाजू थकलीय."

यांनी त्यातला 'दाब' एवढाच शब्द उचलला. "म्हंजे बीपी. मग मीठ सोडतो की."

"काका, हा दाब दंडाला पट्टा बांधून दिसत नाही. मीठ तर कमी कराच, पण तेवढ्यानं भागणार नाही. तुमचा श्वास उथळ चालतो, त्यामुळं आतली खराब हवा बाहेर पडत नाही, साठत जाते. झोपेत जास्तच साठते. तुम्हाला बायपॅप लावावं लागेल."

बायपॅप म्हणजे उशाशी ठेवायचं एक छोटं मशीन. त्याच्या नळीला मास्क असतो. मास्क नाकातोंडावर बांधायचा, मशीन दाबानं हवा आत ढकलतं आणि माणसाचा अर्धा श्वास तेच घेतं. रात्रीच्या झोपेला लावायचं आणि दुपारच्या डुलकीलाही.

"किती दिवस?" यांनी विचारलं.

"आता कायमच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच त्यांना सांगून ठेवलं होतं.

निघताना डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. "बाई, एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. दिवसा फार झोप यायला लागली, बोलणं असंबद्ध झालं, तर ती झोप समजू नका. ती गुंगी असते. माणूस शांत निजलाय असं वाटतं आणि तो आतल्या आत चाललेला असतो." मी घरी येऊन आक्काला हे जसंच्या तसं सांगितलं. माझ्या आवाजात सांगितलं, म्हणजे शेजारच्या तीन घरांनाही कळलं असणार.

पहिल्यांदा मास्क बांधला तेव्हा आरशात बघून हे म्हणाले, "तुमच्या आप्पाच्या बैलाला मुसकं बांधायचे, तसा दिसायलो बघा मी." मी हसले, आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. यांचा आवाज म्हणजे काय सांगू! आरतीला उभे राहिले की बाहेरच्या ओवरीतली माणसं बोलायची थांबायची. त्या तोंडावर प्लॅस्टिक बांधायचं म्हणजे काळीज तुटण्यासारखंच. पण बांधलं. आणि गुण आला, हेही सांगितलं पाहिजे. सूज उतरली. सकाळचं डोकं दुखणं गेलं. भाकरी मागून खायला लागले. देवळाच्या पायऱ्या मात्र बंद झाल्या त्या झाल्याच. भाविक यजमान मंडळी घरी आली की मशीनवर शाल टाकून लपवायचे, एवढंच. मी म्हणायचे, "चोरीचा माल हाय का तो?" तर म्हणायचे, "पुजाऱ्यालाच श्वास उसना घ्यावा लागतोय म्हटल्यावर लोक काय आशीर्वाद घेतील माझा?"

या मशीनचं एकच पथ्य होतं. मास्क गालाला घट्ट बसला पाहिजे. दाढीचे खुंट वाढले की फटीतून हवा सुटते, मशीन शिट्टी मारतं, आणि आत जायची हवा बाहेरच्या बाहेर जाते. म्हणून हे रोज सकाळी अंघोळीआधी दाढी करायचे. चकचकीत गाल घेऊन चहाला बसायचे. मी म्हणायचे, "नवरदेव, चहा घ्या." मशीन आलं ते हिवाळ्यात. त्यामुळं भाद्रपदाचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

भाद्रपदातल्या वद्य अष्टमीला आमची देवी सिंहासनावरून शेजघरात निजायला जाते. घटस्थापनेपर्यंत तिची झोप. पुढं लढाई असते ना तिला, त्याआधीची विश्रांती. देवी निजलेली असताना तिच्या पुजाऱ्यानं गादीपलंगावर पाठ टेकायची नाही, हा आमच्या घरचा नेम. आणि त्या दिवसापासून वस्तरा बंद. गालाला पातं लागायचं ते दसरा उलटल्यावर. घरात मोठ्यानं बोलायचं नाही, भांडी आपटायची नाहीत, आणि कुणी निजलं असेल तर त्याला हाक मारून उठवायचं नाही. माझ्यासारखीला हे दिवस म्हणजे सक्तमजुरीच. पण लग्न झाल्यापासून पाळत आले होते.

अष्टमीच्या सकाळी हे म्हणाले, "पलंग काढा तेवढा."

मला वाटलं, चेष्टा करायलेत. बघते तर खरंच घोंगडी काढून बसलेले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, सपाट निजायचं नाही, डोकं-पाठ उंच पाहिजे. मी तेच सांगितलं. ऐकेनात. मग माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "तुमच्या देवीनं सांगितलंय का, मेलास तरी चालंल पण पलंगावर मरू नगंस?"

"तोंड सांभाळ," ते म्हणाले. इतक्या वर्षांत मला त्यांनी रागानं अगंतुगं केलं ते तेव्हाच.

आक्का मध्ये पडली. "देव तारी त्याला कोण मारी. टीबीतनं वाचला तो कुणाच्या जिवावर?"

"आक्का, देव तारतो म्हणून तुम्ही आडात उडी मारता का?"

त्यावर आक्कानं माझ्याशी बोलणं सोडलं. ती वाईट बाई नव्हती. टीबीच्या वेळी जेव्हा घरादारानं यांचं ताट वेगळं केलं होतं, तेव्हा ती यांच्या ताटात जेवायची. तिनं देवीला काय काय कबूल केलं होतं ते तिलाच माहीत. भाऊ देवीनं दिलाय, एवढंच तिला कळत होतं, आणि दिलेलं परत मागून घेऊ नये म्हणून ती नेम पाळत होती. हे मला कळत होतं आणि तरी मला तिचा राग येत होता.

शेवटी तडजोड झाली. जमिनीवर घोंगडी, पण भिंतीला टेकून. पाठीमागं दुसऱ्या घोंगडीची गुंडाळी. मास्क लावायचा, हे त्यांनी कबूल केलं. दाढीबद्दल मात्र एक शब्द ऐकून घेतला नाही. "मास्क मी लावतो म्हटलं ना? मग झालं."

झालं कुठलं! दोन दिवसांत खुंट आले आणि मशीन शिट्ट्या मारायला लागलं. मी पट्टे आवळले. आवळले तर नाकाच्या दांडीवरचं कातडं निघालं. "आता तेवढं नाकच कापायचं राहिलंय," हे म्हणाले. कापूस लावून बघितला, मऊ फडकं लावून बघितलं, वरच्या बाजूची फट बुजवली की खालून हवा सुटायची. इकडं आड तिकडं विहीर. डॉक्टरीणबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "दाढी काढायला सांगा, नाहीतर घेऊन या." हे म्हणाले, "घट बसले की जाऊ." साठी उलटलेल्या माणसाला मी कडेवर घेऊन जाणार होते का? मी वडापमध्ये बसून रोज तोंडातल्या तोंडात शिव्या द्यायचे. कुणाला द्यायचे ते मलाच कळायचं नाही.

आणि मी शाळेत गेले की दुपारचा मास्क निघायचा. ते मला नंतर कळलं. संध्याकाळी विचारलं तर म्हणायचे, "लावला होता की." आक्का मान डोलवायची. तिनं मशीनवर जाडजूड फडकं टाकून ठेवलं होतं. "आई निजलीया आन् हे कार्टं शिट्या मारतंय," असं ती शेजारणीला सांगत होती म्हणे. यांचं डोकं परत दुखायला लागलं होतं. विचारलं की म्हणायचे, उन्हानं दुखतंय.

घटस्थापनेच्या आदला दिवस, अमावस्या. त्या दिवशी गावात पाय ठेवायला जागा नसते. गावोगावची मंडळं देवीची ज्योत न्यायला येतात, देवळात पेटवतात आणि अनवाणी पळत आपापल्या गावी नेतात. मी शाळेतून निघाले ती गर्दीतून रेटत रेटत कशीबशी घरी पोचले. दाराला कडी नव्हती. दारावरच्या घंटीला आक्कानं चिंधी बांधली होती. आणि ती स्वतः उंबऱ्यात बसली होती, ओठावर बोट ठेवून.

इतक्या दिवसांचा अबोला तिनं मोडला. चेहरा आनंदानं फुललेला. "हळू बोल," ती कुजबुजली. "आईसंगं निजलाय बघ माझा भाऊ. सकाळी चहा घेतला तसा जो आडवा झाला तो झाला. जेवायलाबी म्या न्हाय उठवलं. किती दिसानं असा गाढ निजलाय गं."

आमच्याच घरात हे होऊ शकतं, दुसरीकडं कुठंच नाही. दुसऱ्या कुणाच्या घरात जेवायच्या वेळेला माणूस उठला नाही तर कुणीतरी हलवून बघितलं असतं. आमच्याकडं निद्रेच्या दिवसांत गाढ झोप म्हणजे देवीची कृपा. आक्का सकाळपासून राखण करत बसली होती. भाविक आले त्यांना तिनं हात जोडून परत पाठवलं होतं. फोन उशीखाली कोंबला होता. भाऊ मरत होता आणि ती त्याच्यावर माशी बसू देत नव्हती, इतक्या मायेनं.

खोलीत गेले. मशीन कोपऱ्यात, फडक्याखाली बंद. हे घोंगडीवर सपाट पडलेले. पाठीची गुंडाळी बाजूला घरंगळलेली. चेहरा तांबूस, कपाळावर घाम, बोटं मध्येच झटका बसल्यासारखी उडत होती. मी हाक मारली. नाही. खांदा धरून गदागदा हलवला. नाही. गालात मारली तेव्हा कुठं डोळे अर्धे उघडले. माझ्याकडं बघून हसले आणि म्हणाले, "आई, आलीस व्हय?" आणि परत मिटले.

मागून आक्कानं हात जोडले. "बया बया! दर्शन दिलं गं आईनं!"

मी जी किंचाळले ती बहुतेक शेजघरापर्यंत गेली असेल. "दर्शन न्हाय आक्का! मरायलेत ते! मरायलेत!"

आक्का तशीच उभी राहिली. हात जोडलेले होते ते सोडायचंही तिला सुचलं नाही. मी फडकं फेकलं, मशीन लावलं, मास्क बांधला. खुंटांतून फस्स करून हवा सुटायला लागली. मी दोन्ही तळव्यांनी मास्क त्यांच्या गालांवर दाबून धरला आणि ओरडून शेजाऱ्याला हाक मारली. शेजाऱ्याची जीप होती. त्या गर्दीत बाहेरची गाडी आत यायला किती वेळ लागेल ते कुणीच सांगत नव्हतं. चार माणसांनी घोंगडीसकट उचलून यांना जीपमध्ये ठेवलं. मशीनला जोडायची बॅटरी घरात होती, ती मी मांडीवर घेतली. आक्का म्हणाली, "मीबी येते." मी म्हटलं, "जागा न्हाय." जागा होती. मला ती नको होती.

सोलापूरचा रस्ता ज्योतवाल्या पोरांनी भरलेला. घामाघूम होऊन पळत होती, एकाच्या हातात ज्योत, बाकीचे मागून 'आई राजा उदो उदो' करत. शेजारी हॉर्न वाजवून वाजवून बेजार झाला. मी मागं बसून मास्क दाबून धरला होता. हाताला मुंग्या आल्या. बोटांच्या फटीतून हवा सुटत होती, आणि प्रत्येक वेळी सुटली की मला वाटायचं, हा गेला श्वास, हा गेला. काचेबाहेर सगळा देवीचा गजर. आणि मी आत तिला म्हणत होते, "निजलीस ना? नीज. तुला काय जातंय. तुझी झोप व्हायला पाहिजे म्हणून माझं माणूस जमिनीवर निजवलंस. आता तू उठशील उद्या, साडी नेसशील, सिंहासनावर बसशील. माझं माणूस उठलं न्हाय तर मी काय करू? सांग की. आता का गप्प हायेस?" शेजाऱ्यानं सगळं ऐकलं. त्यानं परत हॉर्न दाबला.

दवाखान्यातल्या माणसांनी यांना माझ्या हातातून काढून घेतलं. मोठा मास्क, मोठं मशीन, एक सिस्टर सतत गालापाशी हात धरून. मला बाहेर बसवलं. मी बाकावर बसून भिंतीकडं बघत राहिले. तो वेळ कसा गेला, सांगता येणार नाही. सांगायचाही नाही. सकाळी मला आत बोलावलं तेव्हा हे जागे होते. दमलेले, पण डोळे ओळखीचे होते. मास्कच्या आतून म्हणाले, "शाळा बुडवलीत का?" मला इतका राग आला आणि इतकं बरं वाटलं की मी पदर तोंडात कोंबला.

डॉक्टरीणबाईंनी मला पलंगापाशीच सांगितलं, यांनाही ऐकू जाईल असं. "जरा उतार आहे, पण पुरेसा नाही. अर्धी हवा दाढीतून वाया जातेय. आत्ता दाढी काढा. नाहीतर घशात नळी घालून व्हेंटिलेटरवर घ्यावं लागेल. हृदय आधीच थकलंय. नळी घातली तर ती परत निघेलच, असं मी सांगू शकत नाही."

यांनी मान हलवली. "दसऱ्यानंतर."

"काका, दसरा लांब आहे."

ते भिंतीकडं वळले. सिस्टर रेझर घेऊन आली तर तिचं मनगट धरून ठेवलं. अंगात जोर नव्हता, पण त्या एका हातात कुठून आला कुणास ठाऊक. दवाखान्याच्या दारापाशी बसणाऱ्या न्हाव्याला मी स्वतः जाऊन बोलावून आणलं. वाटलं, पुरुषमाणूस आहे, सवयीचा हात आहे, बोलता बोलता करून टाकेल. तो आला, फडकं झटकलं, आणि त्याला यांच्या गळ्यातली कवड्यांची माळ दिसली. वस्तरा तसाच मिटला. "मावशी, घट बसले की आज. माझ्याबी घरी घट हाय. देवीच्या माणसाला आज वस्तरा लावायचा? न्हाय बा. माझ्यानं न्हाय व्हायचं." त्यानं यांच्या पायांना हात लावून नमस्कार केला आणि गेला. चांगलाच माणूस होता. त्या दिवशी सगळी चांगलीच माणसं मला भेटत होती आणि एकाचाही उपयोग नव्हता.

तेवढ्यात आक्काचा फोन आला. शेजाऱ्यानं तिला दाढीचं सांगितलं होतं. रडत होती. "माझं चुकलं गं. मला झोप वाटली. पण आज दाढी? माणूस गेल्यावर करतात ते. जित्या माणसाची करायलीस?"

"आक्का," मी म्हटलं, "गेल्यावर करायला कुणीबी मिळंल. जित्याची करायला कुणी न्हाय, म्हणून मी करायले." आणि फोन ठेवला. खालच्या मेडिकलमधून रेझर आणि फेस आणला. हात धुतले. सिस्टर म्हणाली, मास्क थोडाच वेळ काढता येईल, भरभर करा.

मी स्टूल ओढून त्यांच्यापाशी बसले. त्यांनी दोन्ही गालांवर हात ठेवले. आमच्या शाळेत पोरं मार चुकवायला ठेवतात तसे.

"हात काढा."

"न्हाय."

"अहो, मरून जाल."

"जाईन." मग थांबून थांबून, मास्कमधून म्हणाले, "बाई, देवळात उतरणं संपलं. आरती संपली. लोकांपुढं उभं राहणं संपलं. हा नेम तेवढा राह्यलाय. तोबी काढला तर... मी कोण म्हणून राहू?"

मला पहिल्यांदा कळलं की हे हट्टाला पेटलेले नाहीत. भ्यालेत. आणि मीही तितकीच भ्याले होते. माझा आवाज बसला होता. मी म्हटलं, "मला न्हाय ठाऊक तुम्ही कोण राहाल. देवीला शंभर पुजारी हायेत. मला तुम्ही एकलेच हाव."

मी मास्कचे पट्टे सोडले. पडद्यावरचा ऑक्सिजनचा आकडा लगेच खाली उतरायला लागला. मी त्यांचा एक हात बाजूला केला, गालाला फेस लावला, रेझर टेकवला. पातं हलेना. मला वाटलं, आपण खरंच मेलेल्या माणसाची करतोय. डोळ्यांत पाणी भरलं, गाल दिसेना, आणि मी रेझर हातात धरून तशीच बसून राहिले.

त्यांनी दुसऱ्या गालावरचा हात काढला. माझं मनगट धरलं आणि हनुवटी वर केली.

"कर की गं लवकर," ते म्हणाले. "दम लागतोय मला."